राज्याचा शब्द

दिलेलें वचन पाळावें, हा नीतिशास्त्राचा अगदीं पहिला धडा होय. हरिश्चंद्राचें आख्यान ज्या समाजांत घरोघर ऐकलें जातें, त्या समाजास हा धडा नव्यानें देण्याचें कारण नाहीं. परंतु वचन देणारा मनुष्य स्वतःच्या नांवानें न बोलतां राज्याच्या नांवानें बोलूं लागला, म्हणजे हा सरळ दिसणारा नियम एकाएकीं अवघड होऊन बसतो. सेनापतीनें रणांगणावर शत्रूला अभय दिलें. तें अभय कोणाचें? त्या सेनापतीचें, त्याच्या राजाचें, कीं त्या राष्ट्राचें? राजा पदच्युत झाला, मंत्री बदलले, लोकमत फिरलें, तर त्या शब्दाचें काय होतें? ह्या प्रश्नांचा विचार अधांतरीं करण्यापेक्षां एखाद्या ठिकाणीं पाय रोवून करावा, असें आम्हांस वाटतें. आणि त्यासाठीं फ्रान्समधील एका लहानशा नदीकांठच्या गांवाइतकें सोयीचें स्थळ आमच्या वाचनांत दुसरें आलें नाहीं.

ह्या गांवाचें नांव आंब्वाझ. तूर शहराच्या पूर्वेस सुमारें पंचवीस किलोमीटरांवर, ल्वार नदीच्या डाव्या तीरावर तें वसलें आहे. वस्ती बारा-तेरा हजारांची. ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. उन्हाळ्यांत ती वाळूचे पट्टे उघडे टाकून संथ वाहते. गांवाच्या डोक्यावर, नदीकडे तोंड करून, एका उंच कड्यावर राजवाडा उभा आहे. आज दिसतो तो मूळ वाड्याचा लहानसा भाग होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्याचा मोठा भाग पाडून टाकण्यांत आला. जें उरलें आहे त्यांत दोन प्रचंड बुरूज आहेत. त्यांच्या पोटांत पायऱ्यांऐवजीं वळणावळणाचा रुंद चढाव बांधलेला असून, घोडेस्वारास खालच्या रस्त्यावरून घोड्यावर बसल्या-बसल्या थेट वाड्याच्या अंगणांत येतां येई. आठवा चार्ल्स राजा ह्याच वाड्यांत १४७० सालीं जन्मला. इटलीवर मोठ्या थाटानें स्वारी करून आला. आणि ७ एप्रिल १४९८ रोजीं, चेंडूचा खेळ पाहावयास जात असतां, ह्याच वाड्यांतील एका ठेंगण्या दाराची चौकट कपाळास लागून कांहीं तासांत मरण पावला. पहिल्या फ्रान्सिस राजाच्या निमंत्रणावरून लिओनार्दो दा व्हिंची १५१६ सालीं येथें आला, जवळच्या क्लो ल्युसे ह्या वास्तूंत राहिला आणि २ मे १५१९ रोजीं तेथेंच वारला. त्याच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या अस्थि राजवाड्याच्या आवारांतील संत ह्यूबेरच्या छोट्या प्रार्थनामंदिरांत आहेत.

प्रवासी येतात ते हें पाहण्यासाठीं, आणि तें पाहण्याजोगें आहेच. परंतु ह्या गांवाचा इतिहास चाळतांना आमचें लक्ष दुसऱ्याच एका सूत्राकडे वेधलें गेलें. दीड हजार वर्षांच्या अवधींत येथें पुनःपुन्हां शब्द दिले गेले आहेत, मोडले गेले आहेत, आणि क्वचित् पाळलेहि गेले आहेत.

गांवासमोर नदीच्या पात्रांत एक बेट आहे. त्याला सुवर्णद्वीप म्हणतात. सहाव्या शतकाच्या पहिल्या कांहीं वर्षांत फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस आणि व्हिसिगॉथ लोकांचा राजा दुसरा अलारिक ह्यांची भेट आंब्वाझजवळच्या एका बेटावर झाली, असें तूरचा बिशप ग्रेगरी ह्यानें लिहून ठेविलें आहे. गांवची परंपरा तें बेट हेंच मानते. दोघे एकत्र जेवले, एकत्र प्याले, मैत्रीच्या आणाभाका झाल्या आणि दोघेहि संतोषानें आपापल्या मार्गानें गेले. ५०७ सालीं व्हुय्येच्या लढाईंत क्लोव्हिसनें अलारिकास ठार मारिलें. ह्या उदाहरणांत नीतीचा गुंता फारसा नाहीं. राजा स्वतः बोलला आणि राजानेंच स्वतः मोडलें. शब्दाचा धनी व शब्द मोडणारा एकच. दोष कोणाच्या पदरीं घालावा ह्याविषयीं वाद होण्यास जागाच नाहीं.

खरा गुंता १५६० सालीं उत्पन्न झाला. त्या वर्षीं मार्च महिन्यांत दुसरा फ्रान्सिस राजा आंब्वाझ येथें होता. राजा सोळा वर्षांचा. राणी मेरी स्टुअर्ट सतरा वर्षांची. आणि राज्याचीं सर्व सूत्रें गीझ घराण्याच्या हातीं. राजाला ह्या घराण्याच्या हातून सोडवावें असा कट कांहीं सरदारांनीं केला. त्यांत प्रॉटेस्टंट पंथाचे लोक पुष्कळ होते. कट फुटला. मुख्य सूत्रधार ला रनोदी चकमकींत मारला गेला. कास्तेलनो नांवाचा दुसरा एक पुढारी सोबत्यांसह जवळच्याच न्वाझे येथील गढींत होता. त्याच्यावर नेमूरच्या ड्यूकला पाठविण्यांत आलें. ड्यूकनें त्याला सांगितलें कीं, शस्त्रें खालीं ठेवा, माझ्याबरोबर चला, राजापुढें आपलें म्हणणें मांडा. तुमच्या जिवास धोका नाहीं. एवढेंच नव्हे, तर त्यानें तसें लिहून खालीं सही केली. कास्तेलनो आला, आणि येतांच तुरुंगांत पडला. ड्यूकनें रदबदली केली, तेव्हां त्याला उत्तर मिळालें कीं, बंडखोर प्रजेला दिलेला शब्द राजाला बांधूं शकत नाहीं. कास्तेलनोचा शिरच्छेद झाला. शेंकडों लोकांस देहान्त शासन मिळालें. कित्येकांचीं प्रेतें राजवाड्याच्या नदीकडील सज्जावर टांगण्यांत आलीं. तो सज्जा आजहि प्रवाशांस दाखवितात.

व्हिएल्व्हिल ह्या समकालीन सरदाराच्या नांवावर प्रसिद्ध असलेल्या आठवणींत ह्यासंबंधीं एक मार्मिक गोष्ट आहे. नेमूरला दुःख झालें तें मुख्यतः सहीचें. नुसता तोंडीं शब्द असता तर, तूं असें बोलला होतास असें म्हणणाऱ्याला खोटें पाडण्यास तो मागेंपुढें पाहता ना! ह्याच आठवणींप्रमाणें ही कामगिरी प्रथम व्हिएल्व्हिललाच सांगण्यांत आली होती आणि त्यानें ती शिताफीनें टाळली. कारण आपल्या तोंडून दिलेल्या अभयाचें पुढें काय होणार हें त्यानें ओळखलें होतें. आमच्या मतें ह्या दोन सरदारांतील फरकांत आपल्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा भाग सांपडतो. जो मनुष्य दुसऱ्याच्या वतीनें वचन देतो, तो नुसता निरोप्या नसतो. ऐकणारा विश्वास ठेवितो तो समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर. दूरच्या राजावर नव्हे. म्हणून ज्याचा पुरा करण्याचा अधिकार आपल्यापाशीं नाहीं, तो शब्द देण्यापूर्वीं नाकारण्याचें धैर्य दाखविणें, हें दिल्यानंतर हळहळण्यापेक्षां कितीतरी श्रेष्ठ होय. नेमूरला फसविण्याचा हेतु नसेलहि. पण जाळें दुसऱ्यानें विणलें म्हणून आमिष निर्दोष ठरत नाहीं.

त्याच प्रसंगाची आणखी एक आठवण आहे, आणि ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. आग्रिपा दोबिन्ये हा पुढें फ्रेंच वाङ्मयांत नांव मिळविलेला कवि त्या वेळीं आठ वर्षांचा होता. बापाबरोबर तो आंब्वाझवरून जात होता. बापानें टांगलेलीं मस्तकें ओळखलीं, आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला बजावलें कीं, ह्यांचा सूड घेण्यास तूं चुकलास तर तुला माझा शाप लागेल. दोबिन्येनें तो शब्द जन्मभर पाळला. अनेक वर्षें तो पंथयुद्धांत लढला. आतां, वचनपालन हा जर निरपवाद सद्गुण असेल, तर आंब्वाझच्या इतिहासांत ह्या मुलाइतका सद्गुणी कोणी नाहीं असें म्हणावें लागेल! परंतु आपण तसें म्हणत नाहीं. भीष्माची प्रतिज्ञा आपण वंदनीय मानतों. तरी भर सभेंत द्रौपदीची विटंबना होत असतां ज्या निष्ठेनें त्याला जागच्या जागीं बसवून ठेविलें, ती निष्ठा वंदनीय होती काय, असा प्रश्न आपल्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. ह्यावरून इतकें दिसतें कीं, शब्दाचें पावित्र्य तो उच्चारल्यानें येत नाहीं. ज्यानें आपल्यावर विश्वास टाकला त्याच्याशीं असलेल्या नात्यांतून तें येतें. अभयवचन मोडलें तर विश्वास टाकणारा मरतो. सूडाची शपथ मोडली तर कोणीतरी वांचतो. दोहोंस एकाच तराजूंत घालणें म्हणजे नीतीला व्याकरण समजणें होय.

आतां तिसऱ्या आणि सर्वांत बोधप्रद प्रसंगाकडे वळूं. १८३० सालीं फ्रान्सनें अल्जियर्स घेतलें. त्यानंतर सुमारें पंधरा वर्षें अमीर अब्द-अल्-कादिर ह्यानें फ्रेंचांशीं लढा दिला. दोन्ही बाजूंनीं भयंकर कृत्यें घडलीं. १८४५ सालीं फ्रेंच फौजेनें दाहरा डोंगरांतील गुहांत आश्रय घेतलेल्या शेंकडों माणसांस धूर कोंडून मारिलें. १८४६ सालीं अमीराच्या छावणींत, तो तेथें नसतांना, फ्रेंच कैद्यांची कत्तल झाली. अखेर डिसेंबर १८४७ मध्यें अमीर चहूंकडून कोंडला गेला. मोजक्या स्वारांनिशीं वाळवंटांत निसटून जाणें त्याला अशक्य नव्हतें. पण बायका, मुलें व जखमी लोक मागें राहिले असते. त्यानें सेनापति लामोरिसिएर ह्याच्याकडे अट घातली कीं, आपणांस कुटुंबकबिल्यासह अलेक्झांड्रिया किंवा आक्र येथें जाऊं द्यावें. लामोरिसिएरनें शब्द दिला. राजपुत्र व अल्जीरियाचा गव्हर्नर-जनरल ओमालचा ड्यूक ह्यानें त्यास मान्यता दिली. अमीरानें तलवार खालीं ठेविली. जेथें तो ड्यूकसमोर आला त्या बंदराला फ्रेंच अमदानींत 'नेमूर' हेंच नांव होतें, हा निव्वळ योगायोग. पण इतिहास असे योगायोग जपून ठेवितो.

अमीराचें जहाज अलेक्झांड्रियाला गेलें नाहीं. तें फ्रान्समधील तुलाँ बंदराला लागलें. दोन महिन्यांत, फेब्रुवारी १८४८ मध्यें, पॅरिस येथें क्रांति होऊन राजा लुई फिलीप पळून गेला आणि लोकसत्ताक राज्य स्थापन झालें. अमीराला वाटलें, आतां तरी सुटका होईल. परंतु नव्या सरकारनें आपण मागच्या राजवटीच्या शब्दानें बांधलों गेलों नाहीं अशी भूमिका घेतली. त्याला पो येथील किल्ल्यांत, आणि नोव्हेंबरमध्यें आंब्वाझच्या राजवाड्यांत नेण्यांत आलें. बरोबर सुमारें ऐंशीं माणसें होतीं. हा राजवाडा पदच्युत ऑर्लेआं घराण्याच्या मालकीचा होता. म्हणजे ज्या घराण्याच्या राजपुत्रानें अभय दिलें, त्याच्याच घरांत अभय मागणारा कैदी झाला! आणि ह्याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, १८४८ च्या जूनपासून डिसेंबरपर्यंत फ्रान्सचा युद्धमंत्री दुसरा कोणी नसून स्वतः लामोरिसिएर होता.

शब्द मोडण्याच्या समर्थनार्थ तीन कारणें पुढें करण्यांत येतात, आणि तीं सर्वत्र हींच असतात. म्हणून तीं तपासून पाहणें अवश्य आहे. पहिलें कारण राष्ट्रहिताचें. हा मनुष्य सुटला तर पुन्हां बंड करील. शिवाय त्याच्या लोकांनीं आमच्या कैद्यांस मारिलें आहे. राजाच्या हिताआड वचन येत असेल तर तें त्यानें पाळूं नये, असें मॅकियाव्हेलीनें उघडच सांगून ठेविलें आहे. परंतु ह्या कारणांत एक खोड आहे. अमीर धोक्याचा आहे व कैद्यांची कत्तल झाली आहे, हें शब्द देण्याच्या दिवशींहि ठाऊक होतें. जें कारण शब्द देतांना आड आलें नाहीं, तें पाळतांना आड आणणें हा विचार नव्हे. ती सबब होय. फ्रान्सनें ह्या व्यवहारांत अमीराची शरणागति ही किंमत रोख घेतली होती. माल देण्याची वेळ आल्यावर गिऱ्हाईक वाईट आहे असें म्हणणाऱ्या दुकानदारास आपण काय म्हणतों? शत्रूला दिलेला शब्दहि पाळलाच पाहिजे, असें ग्रोशिअसनें १६२५ सालीं आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें, त्याचें मर्म हेंच आहे. मित्राशीं वचनाची गरज क्वचितच पडते. जेथें दुसरा कोणताच दुवा उरत नाहीं तेथें शब्दाची खरी गरज. तो दुवाहि तोडला, तर युद्ध थांबविण्याचा मार्ग एकच राहतो, आणि तो म्हणजे शेवटचा शत्रु मरेपर्यंत लढणें.

दुसरें कारण अधिकाराचें. सेनापतीला असा शब्द देण्याचा अधिकारच नव्हता, असें म्हणतात. असें असेल, तर सरकारनें शरणागतिहि अमान्य करावयास हवी होती. अमीराला तलवारीसह पुन्हां डोंगरांत नेऊन सोडणें शक्य नव्हतें, हें खरें. पण तें शक्य नव्हतें म्हणूनच वचन पाळणें अधिक बंधनकारक झालें. प्रतिनिधीच्या कृत्याचा लाभ ठेवून घ्यावयाचा आणि बोजा मात्र त्याच्याच माथीं मारावयाचा, ही १५६० सालची युक्ति १८४८ सालींहि तितकीच हिणकस होती.

तिसरें कारण राज्य बदलल्याचें, आणि सुशिक्षितांस मोह पाडणारें हेंच आहे. राजाचा शब्द राजाबरोबर गेला. लोकांनीं कोठें शब्द दिला होता? परंतु ह्याच लोकसत्तेनें राजानें जिंकलेलें अल्जीरिया सोडून दिलें काय? उलट, १८४८ च्या राज्यघटनेंत तो प्रदेश फ्रान्सचा भाग म्हणून जाहीर करण्यांत आला. बापाची इस्टेट घ्यावी आणि बापाचें कर्ज नाकारावें, ह्या वृत्तीला कोणताहि समाज प्रामाणिकपणा म्हणत नाहीं. आपल्या धर्मशास्त्रानें तर मुलावर पितृऋण फेडण्याचा भार धर्म म्हणूनच घातला होता. राष्ट्र हें व्यक्तीपेक्षां अधिक काळ जगतें, हा त्याचा मोठेपणा सांगितला जातो. मग त्याची जबाबदारीहि व्यक्तीपेक्षां अधिक काळ जगली पाहिजे. कालच्या विजयांचे उत्सव आज करणाऱ्या राष्ट्रास कालच्या वचनांतून आज मोकळें होतां येणार नाहीं.

अमीराची सुटका शेवटीं झाली. १६ ऑक्टोबर १८५२ रोजीं लुई नेपोलियन स्वतः आंब्वाझ येथें आला आणि त्यानें अमीराला तो मुक्त झाल्याचें सांगितलें. दिलेला शब्द न पाळणें हें मोठ्या राष्ट्राला लाजिरवाणें आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. ह्या वाक्याला कोणीहि मान डोलवील. पण तें उच्चारणारा कोण? राज्यघटनेशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ डिसेंबर १८४८ मध्यें घेऊन २ डिसेंबर १८५१ रोजीं तीच घटना सैन्याच्या बळावर उलथून टाकणारा! त्या दिवशीं पकडलेल्या सेनापतींत लामोरिसिएरहि होता. त्याला हामच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें, आणि त्याच किल्ल्यांत पूर्वीं लुई नेपोलियननें स्वतः सुमारें सहा वर्षें कैद भोगली होती. म्हणजे शब्द देणारा प्रामाणिक शिपाई तो पुरा करूं शकला नाहीं, आणि आपली शपथ मोडणाऱ्यानें दुसऱ्याचा शब्द पुरा केला. कीर्तीचा लोभ त्यांत नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे: सुटलेल्या कैद्याला सोडविणाऱ्याच्या हेतूंशीं कर्तव्य नसतें. राष्ट्राचा शब्द पाळला जाण्यासाठीं सत्तेवर साधुपुरुष येण्याची वाट पाहावी लागत असेल, तर तो शब्द कधींच पाळला जाणार नाहीं. म्हणूनच तो कोणाच्या शीलावर न सोंपवितां कायद्यांत, न्यायासनांत आणि लोकांच्या स्मरणांत बांधून ठेवावा लागतो.

अमीरानें सुटतांना आपणहि एक शब्द दिला: पुन्हां फ्रेंचांविरुद्ध शस्त्र धरणार नाहीं. ज्यांनीं त्याला जवळ जवळ पांच वर्षें वचनभंग करून कोंडलें होतें, त्यांना दिलेला शब्द पाळण्यास तो बांधलेला होता काय? लोकव्यवहार म्हणेल, नव्हता. परंतु त्यानें हिशेब तसा मांडला नाहीं. १८५५ पासून तो दमास्कस येथें राहिला. जुलै १८६० मध्यें तेथें ख्रिस्ती लोकांची कत्तल सुरू झाली, तेव्हां त्यानें आपल्या माणसांसह रस्त्यावर उतरून हजारों ख्रिस्त्यांचे प्राण वांचविले. १८७१ सालीं फ्रान्स प्रशियाकडून पराभूत होऊन पडला असतां अल्जीरियांत मोठा उठाव झाला. शब्द मोडण्यास ह्याहून चांगली संधि कोणती? अमीर दमास्कसहून हलला नाहीं. २६ मे १८८३ रोजीं तो तेथेंच वारला. सगळ्यांनींच खोटीं वचनें दिलीं तर वचन ही वस्तुच उरणार नाहीं, असें कांटनें १७८५ सालीं लिहिलें. आम्ही त्यांत एवढीच भर घालूं इच्छितों कीं, सगळ्यांनीं मोडलें असतांहि एकानें पाळलें, तर ती वस्तु जिवंत राहते.

ह्यावर कोणी विचारील कीं, आपल्या देशबांधवांच्या उठावापेक्षां परक्याला दिलेला शब्द त्यानें मोठा मानला, हें योग्य झालें काय? हा आक्षेप हलका नाहीं, आणि भीष्माविषयीं आम्हीं जें वर म्हटलें त्याच्याशीं तो जुळणारा आहे. परंतु भीष्माचें मौन सभेंतील दुर्बळाच्या मुळावर आलें. अमीराच्या शब्दावर मात्र त्याच्याबरोबरच्या दुर्बळांची सुटका झालेली होती.  शिवाय त्यानें फक्त आपला हात उचलला नाहीं. तरीहि उठाव चिरडला जात असतांना दमास्कसमधील तें स्वास्थ्य त्याला सुखाचें गेलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. शब्द पाळण्याची किंमत नेहमींच पाळणारा एकटा देत नाहीं, आणि हें दुःख कोणत्याहि सिद्धांतानें पुसलें जात नाहीं.

आंब्वाझच्या राजवाड्याच्या बागेंत आज पंचवीस थडगीं आहेत. अमीराबरोबर आलेल्या, पण सुटकेपूर्वीं त्या थंड देशांत मेलेल्या माणसांचीं तीं स्मारकें होत. अल्जीरियन कलावंत रशीद कोराइशी ह्यानें २००५ सालीं तेथें त्यांच्या स्मरणार्थ शिळांची बाग रचली. ह्या पंचविसांत कोणी सेनापति नव्हता, कोणी राजपुत्र नव्हता. सरकारें विचार करीत बसलीं, आणि विचाराचा खर्च ह्यांनीं भरला. २०२२ सालीं गांवांत अमीराची धातूची एक आकृति उभारण्यांत आली. ५ फेब्रुवारीस, अनावरणाच्या दिवशींच, तिची नासधूस झालेली आढळली. समारंभ मात्र ठरल्याप्रमाणें पार पडला. कर्ज जुनें झालें म्हणजे फिटतें, असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

गांवाच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर शांतलू येथें चव्वेचाळीस मीटर उंचीचा एक सात मजली मनोरा आहे. पंधराव्या लुईचा मंत्री श्वाझल १७७० सालीं मर्जींतून उतरून हद्दपार झाला. राजाच्या रोषाला न जुमानतां जे स्नेही त्याला भेटण्यास आले, त्यांच्या निष्ठेचें स्मारक म्हणून त्यानें हा मनोरा बांधविला व त्यांचीं नांवें संगमरवरावर कोरविलीं. त्याचा विशाल वाडा पुढें पाडला गेला. मनोरा मात्र उभा आहे. स्नेह्यांच्या निष्ठेचा मनोरा बांधणारे धनिक जगांत मिळतात. राष्ट्रांनीं शत्रूला दिलेले व पाळलेले शब्द कोरून ठेवावयाचे झाल्यास किती उंचीचा मनोरा लागेल, ह्याचा हिशेब आम्ही करूं धजत नाहीं. बागेंतल्या त्या पंचवीस शिळा जमिनीसरशा आहेत. त्या वाचावयाच्या म्हणजे मान खालींच घालावी लागते.